बाजारचे अंडे उबवून पिल्लू का निघत नाही?

तुरीची डाळ पेरून तूर उगवत नाही, हे कोणत्याही शेतकऱ्यास सांगावे लागत नाही. बियाणे म्हणून राखलेला दाणा वेगळा व स्वयंपाकासाठी भरडलेला वेगळा, हा भेद खेड्यातील लहान मुलासही ठाऊक असतो. अंड्याच्या बाबतीत मात्र हा विवेक पुष्कळदा सुटतो. ऐन हिवाळ्यात घरची गावरान कोंबडी खुडूक होते, टोपलीतील जागा धरून बसते, आणि नेमकी त्याच वेळी घरात अंडी शिल्लक नसतात. काही बाजारात गेलेली असतात, काही पाहुण्यांच्या ताटात. मग किराणा दुकानातून डझनभर पांढरी अंडी आणून ती तिच्याखाली ठेवण्यात येतात. कोंबडी एकवीस दिवस इमानाने बसते. बाविसाव्या व तेविसाव्या दिवशीही कवचाला साधा तडा जात नाही. शेवटी एखादे अंडे फुटून खुराडे दुर्गंधीने भरते, तेव्हा दोष कोंबडीच्या माथी, ढगाळ हवेच्या माथी, किंवा कोणाच्या तरी दृष्टीच्या माथी मारला जातो. विजेच्या कडकडाटाने अंडी बिघडू नयेत म्हणून टोपलीत लोखंडाचा तुकडा किंवा कोळसा ठेवण्याची चाल काही गावांत आहे. तो ठेवला नाही म्हणून असे झाले, असेही कोणी म्हणतो. वास्तविक पाहता त्या अंड्यांत पिल्लू होण्याजोगे काही नव्हतेच.

दुकानदारास दिलेले पैसे हा या नुकसानीतील सर्वांत लहान भाग होय. गावरान कोंबडी वर्षाकाठी साधारणतः पन्नास ते साठ अंडी देते, व ती सलग न देता तीन-चार खेपांत देते. प्रत्येक खेपेस दहा-पंधरा अंडी झाली की ती खुडूक होते व अंडी देणे थांबविते. उबवणीच्या काळात ती पोटभर खात नाही, वजनाने उतरते, आणि पुन्हा अंड्यावर येण्यास तिला पुष्कळ दिवस लागतात. खुडूक कोंबडी हे गरीब कुटुंबाचे फुकटचे उबवणी यंत्र आहे, परंतु ते वर्षातून तीन-चार वेळाच चालते. त्यातील एक खेप वाया घालविणे म्हणजे वर्षाच्या पिल्लांपैकी चौथा किंवा तिसरा हिस्सा गमावणे होय. ज्या घरी मुलांच्या वह्या-पुस्तकांचा किंवा औषधपाण्याचा खर्च कोंबड्यांच्या विक्रीतून निघतो, त्या घरी ही गोष्ट लहान नाही.

अंडे आणि कोंबडा

कोंबडीस अंडे घालण्यासाठी कोंबड्याची आवश्यकता नसते. तलंग वयात आली म्हणजे तिच्या अंडाशयातील एक एक बलक पक्व होऊन अंडनलिकेत उतरतो, त्याभोवती पांढरा भाग, पातळ पडदे व शेवटी कवच चढते, आणि सुमारे २४ ते २६ तासांत पूर्ण अंडे बाहेर येते. हा क्रम कोंबडा असो वा नसो, चालूच राहतो. कोंबड्याचा संयोग झालेला असेल तर बलक अंडनलिकेच्या तोंडाशी येताच, कवच चढण्यापूर्वीच, त्यावरील बीजबिंदूचे फलन होते. अंडे बाहेर पडल्यावर ते फलित करण्याचा कोणताही उपाय नाही. कितीही ऊब दिली तरी अफलित अंड्याचे पिल्लू होणार नाही.

याउलट फलित अंड्यातील गर्भाची वाढ कोंबडीच्या पोटातच सुरू झालेली असते. अंडे घातले जाते त्या वेळी बीजबिंदूत सहस्रावधी पेशी तयार असतात. अंडे थंड झाले की ही वाढ थबकते व पुन्हा ऊब मिळताच पुढे चालू होते. निसर्गाने केलेली ही सोय मोठी उपयोगी आहे, कारण तिच्यामुळेच आठवडाभरात जमविलेली अंडी एकाच दिवशी बसविली तरी पिल्ले एकाच दिवशी निघतात.

आता दुकानातील पांढरे अंडे कोठून येते ते पाहावे. महाराष्ट्रात खपणारी अंडी राज्यातील कुक्कुटपालन केंद्रांतून येतात, तशीच आंध्र प्रदेश, तेलंगण, कर्नाटक व तमिळनाडूतूनही मोठ्या प्रमाणावर येतात. या केंद्रांत खाण्याच्या अंड्यांसाठी ठेवलेल्या कोंबड्या बहुतांशी पिंजऱ्यात असतात आणि त्यांच्यात कोंबडा ठेवीतच नाहीत. तो अंडे देत नाही, खाद्य मात्र खातो. मग व्यापारी हिशेबात त्याला जागा कशी मिळावी? या कोंबड्यांची पिल्ले ज्या अंड्यांतून निघतात, ती अंडी वेगळ्या प्रजनन कळपांतून येतात. तेथे कोंबडे ठेवलेले असतात किंवा कृत्रिम रेतन करतात, व ती अंडी किराणा दुकानाकडे न जाता थेट उबवणी केंद्रात जातात. थोडक्यात, खाण्याच्या अंड्यांचा व बियाण्याच्या अंड्यांचा मार्ग प्रारंभापासूनच निराळा आहे.

खाणाऱ्याच्या दृष्टीने अंडे अफलित असणे हा गुणच समजावा. पौष्टिकतेत दोन्ही अंड्यांत फरक नाही, परंतु अफलित अंडे उन्हाळ्यात अधिक टिकते. चैत्र-वैशाखात पत्र्याच्या घरात ठेवलेले फलित अंडे कोंबडी न बसताही अर्धवट ऊब घेते, आतील गर्भ थोडा वाढतो, मरतो, व अंडे नासते. म्हणूनच ज्यांस उन्हाळ्यात केवळ खाण्यासाठी अंडी विकावयाची आहेत त्यांनी कोंबडे वेगळे ठेवावेत, असा सल्ला देण्यात येतो. अफलित अंड्याचा विचार वेगळ्याच अंगानेही झालेला आहे. १९४२ साली पुण्याच्या आगाखान महालात बंदिवासात असताना महात्मा गांधींनी आरोग्यावर जे छोटे पुस्तक लिहिले, त्यात अशा अंड्यातून पिल्लू कधीच होत नसल्याने दूध घेणाऱ्यास ते घेण्यास हरकत नसावी, अशा आशयाचे मत त्यांनी मांडलेले आहे.

आठवडे बाजारची गावरान अंडी

येथे एक प्रश्न हटकून विचारला जातो. दुकानातील पांढरी अंडी बाजूस ठेवली, तरी आठवडे बाजारात मिळणारी गावरान अंडी तर कोंबडा असलेल्या घरचीच असतात. ती का बसवू नयेत? हा प्रश्न रास्त आहे, व त्याचे उत्तर सरसकट नकारार्थी नाही. अशी अंडी पुष्कळदा फलित असतात. परंतु त्यांच्याबाबत तीन गोष्टी घेणाऱ्यास ठाऊक नसतात: ती खरोखर गावरान आहेत काय, किती दिवसांची आहेत, आणि मधल्या काळात कशी ठेवली गेली.

कवचाचा रंग पाहून निर्णय करणे व्यर्थ होय. तपकिरी कवचाची अंडी देणाऱ्या संकरित जातीही आहेत व त्याही कोंबड्यावाचून पिंजऱ्यात पाळल्या जातात. कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर अवलंबून असतो, फलनाशी त्याचा संबंध नाही. टोकदार अंड्यातून कोंबडा व गोल अंड्यातून कोंबडी निघते, या समजुतीसही तितकाच आधार आहे, म्हणजे नाही.

वयाची गोष्ट अधिक महत्त्वाची. उबविण्याचे अंडे सात दिवसांच्या आतील असावे. त्यापुढे प्रत्येक दिवसागणिक पिल्ले निघण्याचे प्रमाण घटत जाते, व दोन आठवडे उलटल्यावर फारशी आशा धरू नये. घरोघर फिरून अंडी गोळा करणारा व्यापारी ती बाजारात आणीपर्यंत किती दिवस गेले, हे त्यालाही निश्चित सांगता येत नाही. अंडी साठविण्यास १५ ते १८ अंश सेल्सिअस तापमान उत्तम. एवढा गारवा खेड्यातील घरात मिळणे कठीण. तथापि ओलसर वाळूवर ठेवलेल्या मडक्यात किंवा घरातील सर्वांत थंड कोपऱ्यात अंडी ठेवल्यास बराच लाभ होतो. शीतपेटीत, म्हणजे फ्रिजमध्ये, तापमान चार-पाच अंशांपर्यंत उतरते. तेथे काही दिवस राहिलेल्या फलित अंड्यातील गर्भही बहुधा दगावतो, किंवा तग धरलाच तर दुर्बळ राहतो. मोटारीच्या टपावरून किंवा दुचाकीला टांगलेल्या पिशवीतून खड्ड्यांच्या रस्त्याने आलेल्या अंड्यांतील हवेची पोकळी सुटी होते. बाहेरून अंडे धडधाकट दिसते, आत मात्र बिघाड झालेला असतो. दुरून आणलेली चांगली अंडीही म्हणून लगेच बसवू नयेत. निमुळते टोक खाली करून ती एक दिवस स्थिर ठेवावीत.

खरेदी केलेल्या गावरान अंड्यांची पारख करण्याचा एक सोपा मार्ग आहे, व त्यास काहीही खर्च येत नाही. त्याच घरच्या अंड्यांपैकी दोन-तीन अंडी स्वयंपाकासाठी बशीत अलगद फोडावीत आणि बलकावरील पांढरा ठिपका उजेडात पाहावा. अंडे अफलित असेल तर ठिपका लहान, बाजरीच्या दाण्याएवढा, भरीव पांढरा व वेड्यावाकड्या कडांचा दिसतो. फलित असेल तर तो ज्वारीच्या दाण्याएवढा, वाटोळा, मध्ये किंचित विरळ व कडेला वलय असलेला दिसतो. दोन्ही प्रकार एकदा शेजारी शेजारी पाहिले म्हणजे ओळख पक्की होते. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी व पशुसखींनी बचत गटाच्या बैठकीत दुकानातील एक व कोंबडा असलेल्या घरचे एक अंडे फोडून हा फरक प्रत्यक्ष दाखवावा. तासभराच्या व्याख्यानाने जे होत नाही ते या दोन बशांनी होते. बलकावर कधी कधी रक्ताचा ठिपका आढळतो. तो फलनाची खूण नव्हे. अंडे बनत असताना एखादी सूक्ष्म रक्तवाहिनी फुटल्याने तो आलेला असतो, व कोंबडा न पाहिलेल्या कोंबडीच्या अंड्यातही तो असू शकतो.

दुकानातील अंड्यांतून पिल्ले निघाल्याच्या बातम्या अधूनमधून वाचण्यात येतात, आणि त्या सर्वच खोट्या असतात असे नाही. इंग्लंडमध्ये २०२० साली एका स्त्रीने मोठ्या दुकानातून बदकाची अंडी आणून ती यंत्रात ठेविली, व त्यांतून तीन पिल्ले निघाली. त्या पांढऱ्या बदकांत नर व मादी ओळखणे कठीण असल्याने कळपात एखादा नर राहून जातो, असा त्याचा उलगडा सांगण्यात आला. लाव्ह्यांच्या अंड्यांबाबतही असे घडल्याची उदाहरणे आहेत. पिंजऱ्यातील कोंबडीच्या अंड्यांस मात्र ही सवड जवळजवळ नाही. अशा बातमीवर विसंबून खुडूक कोंबडीची खेप पणाला लावणे शहाणपणाचे नव्हे. शाळेतील मुलांना कुतूहल असेल तर त्यांनी प्रयोग अवश्य करावा, परंतु तोही निरीक्षणाची वही ठेवून व सातव्या दिवशी अंडी तपासून.

कोंबडी बसविताना

अंडी फलित व ताजी असल्याची खात्री झाली की उरलेले काम कोंबडी जाणते. गावरान कोंबडीखाली दहा ते बारा अंडी पुरेत. अधिक ठेवल्यास कडेची अंडी निवतात व सगळ्यांचेच नुकसान होते. अंडी मध्यम आकाराची, तडा नसलेली व स्वच्छ निवडावीत. मळकी अंडी धुवू नयेत. कवचावर अतिशय पातळ असा नैसर्गिक लेप असतो व तो कवचातील हजारो सूक्ष्म छिद्रांतून जंतूंस आत जाऊ देत नाही. धुण्याने तो निघून जातो. टोपलीत राख किंवा कोरडी माती पसरून वर मऊ गवत घालावे, कोंबडीच्या अंगावर उवा-गोचिड नाहीत याची खात्री करावी, आणि तिला संध्याकाळच्या अंधारात बसवावे. त्यामुळे ती बिथरत नाही. दाणापाणी टोपलीजवळच ठेवावे, कारण दाण्यासाठी दूर गेलेली कोंबडी वेळेवर परत येईलच असे नाही. बसविल्याचा दिवस कोळशाने भिंतीवर लिहून ठेवण्याची जुनी पद्धत अगदी योग्य आहे.

सातव्या रात्री प्रत्येक अंडे बॅटरीच्या प्रकाशापुढे धरून पाहावे. गर्भ वाढत असेल तर आत एक गडद ठिपका व त्यापासून कोळ्याच्या पायांसारख्या फुटलेल्या तांबड्या रेषा दिसतात. आरपार स्वच्छ दिसणारे अंडे अफलित होय. रक्ताचे नुसते कडे दिसले तर गर्भ मेलेला आहे असे समजावे. ही तपासणी एवढ्यासाठी महत्त्वाची की ती न केल्यास निकामी अंडी चांगल्या अंड्यांची ऊब खातात व पुढे फुटून त्यांना घाण करतात. सर्वच अंडी निकामी निघाली तर आणखी दोन आठवडे कोंबडीस बसवून ठेवण्याचे कारण उरत नाही. त्याच रात्री तिच्याखाली दुसरी चांगली अंडी ठेवता येतात, फक्त तिच्या खाण्याकडे अधिक लक्ष द्यावे लागते. काढलेली अंडी कोणत्याही परिस्थितीत विकू नयेत वा खाऊ नयेत. ती खोल पुरावीत.

अलीकडे थर्मोकोलच्या पेटीत विजेचा दिवा बसवून घरगुती उबवणी यंत्रे तयार करण्याकडे तरुणांचा कल दिसतो. ही हौस चांगली आहे. पंखा असलेल्या पेटीत ३७.५ अंश सेल्सिअसच्या आसपास, व पंखा नसलेल्या पेटीत अंड्यांच्या वरच्या पातळीवर ३८.३ ते ३८.९ अंश तापमान सतत राहावे लागते. पाण्याच्या थाळीने आर्द्रता पहिले १८ दिवस ५० ते ६० टक्के व शेवटचे तीन दिवस ६५ ते ७५ टक्के राखावी. अंडी १८ व्या दिवसापर्यंत दररोज तीन ते पाच वेळा फिरवावीत व त्यानंतर हलवू नयेत. वीज गेल्यास झाकण उघडून पाहण्याचा मोह आवरावा. थोडा वेळ निवण्यापेक्षा जास्त तापणे गर्भास अधिक घातक असते, म्हणून विदर्भ-मराठवाड्यातील मे महिन्यात अशी पेटी चालवू नये हे बरे. ज्यांनी पेटी आधी केली व अंड्यांचा विचार मागून केला, अशांची निराशा सर्वांत मोठी होते. यंत्र कितीही अचूक असले तरी ते अंड्यात नसलेला गर्भ निर्माण करू शकत नाही. चांगली फलित अंडी मात्र असतील, तर त्यांतील शंभरामागे ऐंशीच्या आसपास पिल्ले निघावीत अशी अपेक्षा ठेवण्यास हरकत नाही.

आणखी एका गोष्टीचा उल्लेख आवश्यक आहे. काही रोग आईकडून अंड्यावाटे पिल्लात उतरतात. पांढऱ्या हगवणीचा रोग हे त्याचे परिचित उदाहरण होय. चांगल्या उबवणी केंद्रांत प्रजनन कळपांची यासाठी तपासणी होते. अनोळखी कळपातील अंडी घेताना ही तपासणी नसते, तेव्हा निदान ज्या घरी मानमोडीची साथ नुकतीच येऊन गेली आहे किंवा कोंबड्या मरत आहेत त्या घरची अंडी घेऊ नयेत.

मग घरात अंडी नसताना कोंबडी खुडूक झाली तर काय करावे? सर्वांत सोपा उपाय शेजारी असतो. ज्या घरी आठ-दहा कोंबड्यांमागे एक जोमदार कोंबडा मोकळा हिंडतो, त्या घरच्या बाईस चार दिवस आधी सांगून ठेवल्यास ती आठवड्याच्या आतील अंडी बाजूस काढून देते. बदल्यात दोन पिल्ले देण्याची रीत पुष्कळ गावांत चालते व ती दोघींनाही परवडते. स्वतःकडे कोंबड्या असून कोंबडा नसेल तर तो काही दिवस मागून आणावा. कोंबड्या त्याच्यासह राहू लागल्यावर आठ-दहा दिवसांनी अंडी जमविण्यास सुरुवात करावी. कोंबडीच्या शरीरात नराचे बीज साठून राहत असल्याने कोंबडा परत गेल्यावरही सुमारे दोन आठवडे फलित अंडी मिळतात, परंतु त्यांचे प्रमाण दिवसेंदिवस कमी होत जाते. असा कोंबडा आणताना तो निरोगी असल्याचे पाहून घ्यावे.

अधिक पिल्ले हवी असल्यास शासनाच्या मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रांची वाट धरावी. पुणे, छत्रपती संभाजीनगर, नागपूर व कोल्हापूर येथे ही केंद्रे आहेत. तेथे एक दिवसाची पिल्ले व उबवणुकीची अंडी केव्हा मिळतील, याची चौकशी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात करता येते. मागणी आधी नोंदवावी लागत असल्याने कोंबडी खुडूक होण्याची वाट न पाहता पावसाळा संपतानाच ती नोंदविणे सोयीचे. एक दिवसाची पिल्ले आणल्यास ती आधीच बसलेल्या खुडूक कोंबडीखाली रात्री हलकेच सोडावीत. बहुतेक कोंबड्या सकाळी ती आपलीच मानतात. पाच ते सात दिवसांच्या वयात मानमोडीची लस डोळ्यात किंवा नाकपुडीत थेंब टाकून द्यावी, व पुढील लसी पशुवैद्यकाच्या सल्ल्याने द्याव्यात.